वेम्बलीची मागची वाट

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च २०२१. करोनामुळे लंडनचं वेम्बली, म्हणजे इंग्लंडचं राष्ट्रीय स्टेडियम, रिकामं. शनिवारी, १३ तारखेला, सॅल्फर्ड सिटीनं पोर्ट्समथला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून करंडक उचलला. रविवारी त्याच मैदानावर सन्डरलँडनं ट्रॅनमिअर रोव्हर्सला १-० असं हरवलं आणि तोच करंडक पटकावला. शनिवारचा सामना होता आदल्या वर्षीचा, लांबणीवर पडलेला. त्यामुळे सॅल्फर्डच्या वाट्याला विजेतेपद आलं ते एका दिवसाचं.

ही ईएफएल, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगची, ट्रॉफी. रात्री जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांनीही तिचं नाव क्वचितच ऐकलं असेल. इंग्लंडमधल्या तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या क्लबांसाठी १९८३-८४ मध्ये ती सुरू झाली. पुरस्कर्ते बदलले की नावही बदलतं. कधी व्हॅनवाल्यांचा करंडक, कधी रंगवाल्यांचा, कधी पिझ्झावाल्यांचा! पहिला अंतिम सामना वेम्बलीवरच ठरला होता, पण घोड्यांच्या स्पर्धेनं मैदानाची पार वाट लावलेली. मग तो हलला हल शहरात, आणि तिथे बोर्नमथनं हल सिटीला त्यांच्याच घरी २-१ असं हरवलं.

सुरुवातीच्या फेऱ्या आठवड्याच्या मधल्या रात्री, थंडीत, निम्म्याहून जास्त रिकाम्या स्टँडसमोर चालतात. लीगमध्ये वर चढायचं की या भानगडीत खेळाडू दुखावून घ्यायचे, असा प्रश्न प्रशिक्षकांना पडतो. अंतिम फेरी गाठली, की मात्र सगळं गाव वेम्बलीला निघतं. १९८८ चा सामना बघा. वूल्व्हज विरुद्ध बर्नली. हे दोघेही १८८८ साली फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी, दोघेही एकेकाळचे इंग्लंडचे विजेते. बरोबर शंभर वर्षांनी दोघे पोहोचले होते चौथ्या श्रेणीत. बर्नली तर आदल्या वर्षी शेवटच्या दिवशी जिंकली म्हणून लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार श्रेणींत, टिकली. तरी सामन्याला प्रेक्षक किती? ८०,८४१. वूल्व्हज २-० नं जिंकले. माझ्या मते या स्पर्धेचं खरं मोल इथे कळतं. पडत्या काळातही आपला क्लब वेम्बलीत बघायची ही एक वाट आहे.

ल्यूटन टाउनचं २००९ तर त्याहून विचित्र. आर्थिक गैरव्यवहार आणि दिवाळखोरीपायी त्यांचे ३० गुण कापलेले, म्हणजे हंगामाची सुरुवातच उणे तीसवरून. एप्रिलमध्ये त्यांनी स्कन्थॉर्पला जादा वेळेत ३-२ असं हरवून ही ट्रॉफी जिंकली, आणि काही दिवसांतच ते लीगमधूनच बाहेर फेकले गेले. विजेते, आणि पुढच्या वर्षी बचाव करायला जागाच नाही. (हेच ल्यूटन २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचले, पण ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

२०१६ मध्ये आयोजकांनी मोठ्या क्लबांच्या युवा संघांना या स्पर्धेत घेतलं. चाहते भडकले, अनेकांनी बहिष्कार टाकला. मला त्यांचा राग रास्त वाटतो. मोठ्यांना सगळं आहेच, ही एक पंगतही त्यांना कशाला? शिवाय, क्लबांनी पूर्ण ताकदीचा संघ उतरवावा म्हणून नियम होता, आणि मोडला तर दंड. ब्रॅडफर्ड सिटीनं त्यावर अफलातून तोड काढली: पहिल्या पसंतीचा गोलरक्षक उतरवला, आणि तीन मिनिटांत बदलला. नियम पाळला गेला, गोलरक्षक घरी गेला!

आपल्याकडचा धागाही आहे बरं का. पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा ब्लॅकबर्न रोव्हर्स, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता, २०१७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि त्या हंगामात त्यालाही ही स्पर्धा खेळावी लागली.

त्याच हंगामात चेल्सीची पोरं उपांत्य फेरीपर्यंत आली. समोर लिंकन सिटी, सहा वर्षं लीगबाहेर काढून नुकतेच परतलेले. सामना १-१, मग पेनल्टी, आणि लिंकन जिंकले. लिंकनवाले प्रथमच वेम्बलीत खेळले, श्रूजबरीला १-० असं हरवलं आणि करंडक घेऊन गावी गेले. नमस्कार.