शिवाजी पार्कातला युद्धाआधीचा ब्लॉक

दुपारचे साडेचार वाजलेत, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अजून ऊन आहे, मैदानात एकाच वेळी दहा-बारा मॅच चालू आहेत आणि कुठला बॉल कुठल्या मॅचचा ते खेळणाऱ्यांनाच ठाऊक. आपण मात्र मैदानाकडे पाठ करून उभे आहोत. समोर बघा. तीन मजली इमारत, कोपऱ्यावर गोल वळलेली गॅलरी, प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा छज्जा, आणि जिन्याच्या उभ्या पट्टीवर सिमेंटमध्येच उठवलेलं इमारतीचं नाव. ह्यातला दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक विकायचाय.

हो, ब्लॉकच. फ्लॅट म्हणायची सवय नंतरची, इथली जुनी माणसं आजही ब्लॉक म्हणतात. ही घरं झाली तेव्हा मुंबईत किती मराठी कुटुंबं चाळीत राहायची, मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास, सकाळी रांग, आणि इथे एक दार लावलं की स्वैपाकघर, न्हाणीघर, संडास सगळं आपलं आपल्याला. सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक मिळाला, हे तेव्हा गावाकडे पत्र लिहून कळवण्यासारखं होतं.

मैदान आधीचं, १९२५ सालचं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दीच्या वेळी अवंतिकाबाई गोखल्यांनी पुढाकार घेतला आणि नाव शिवाजी पार्क झालं. मग भोवती एकेक इमारत उठायला लागली. मुंबईत तेव्हा आर्ट डेकोची, म्हणजे गोल कोपरे आणि साध्या रेषांच्या बांधणीची हवा होती, १९३३ ला रीगल थिएटर, १९३८ ला इरॉस, ओव्हल मैदानासमोर आणि मरीन ड्राइव्हला ओळीने तशाच गोलाकार इमारती, सगळं आरसीसीमध्ये, म्हणजे आत सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये. नोकरदार मराठी माणसापर्यंत ती फॅशन पोचली ती इथे, दादरला. थोडी साधी होऊन, पण पोचली.

चला वर. लिफ्ट नाहीये, पण जिना चढताना दम लागत नाही, पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत. कठड्याला हात लावून बघा, बर्मा टीक, इतक्या हातांनी घासून गुळगुळीत झालंय की पॉलिशची गरजच उरली नाही.

काकूंनी दार उघडलं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, लग्न होऊन ह्याच घरात आल्या. "आधी पाणी घे, मग तुझा कॅमेरा लाव," म्हणाल्या. मी टेप लावून उंची मोजली, ११ फूट २ इंच. मी स्वतः राहतो त्या नव्या टॉवरमध्ये पंखा लावल्यावर हात वर करायची भीती वाटते, आणि इथे पंखा लांब दांडीवर लटकतोय तरी डोक्यावर केवढी हवा. लादी बघा, टेराझो, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराच्या कपच्या घालून घासलेली, कडेने गडद पट्टी, मे महिन्यात अनवाणी उभं राहिलं तर तळपाय सुखावतात. आणि ही खिडकीची पितळी खिटी. काकू दर दिवाळीला चिंचेने घासतात. तिला भोकं असलेली पट्टी आहे, खिडकी किती उघडायची ते खिटी कुठल्या भोकात अडकवली त्यावर, पश्चिमेचं वारं सुटलं की दुसऱ्या भोकात, पावसाळ्यात पहिल्या. हे मला काकूंनी दाखवलं, ब्रोकरने नाही.

मागे एक गोष्ट आहे ती पण दाखवायलाच हवी. न्हाणीघराला बाहेरून एक दार, आणि त्याला लागून लोखंडी गोल जिना. संडास साफ करणाऱ्यांनी पुढच्या जिन्याने यायचं नाही म्हणून तो. इतक्या देखण्या घराच्या नकाशातच हे काढून ठेवलेलं होतं, आणि मला तो जिना बघून खरंच वाईट वाटलं.

आता युद्धाआधीचं म्हणजे नेमकं काय. जाहिरातीत तो शब्द छान दिसतो, पण मुंबईत त्याला कायद्यातली तारीख आहे, १ सप्टेंबर १९४०. त्याआधी बांधलेल्या उपकरप्राप्त इमारती, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस नावाचा जादा कर लागणाऱ्या भाड्याच्या जुन्या इमारती, त्या सेस कॅटेगरी ए. भाडी गोठवली १९४७ च्या कायद्याने, तीही ह्याच तारखेच्या पातळीवर. आणि घरांतला फरक हाताला कळतो. दुसरं महायुद्ध पेटलं तसं पोलाद आणि सिमेंट सरकारने लष्कराकडे वळवलं, १९४२ च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, आणि बर्मा टीक यायचंच थांबलं. नंतरच्या घरात असं लाकूड सहसा सापडत नाही ते ह्याच्यामुळे.

गोठलेल्या भाड्याने भाडेकरू तरले पण मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही, मग पागडी, म्हणजे भाड्याची जागा मिळवायला एकरकमी मोजायचे पैसे, मग पोपडे. शेजारची इमारत अजून पागडीची आहे, तिथे घर घेतलं तर मालकाला त्याचा वाटा देऊन भाडेपावती नावावर करून घ्यायची, जागा आपली नाहीच. ह्या इमारतीत भाडेकरूंनी एकत्र येऊन मालकाकडून इमारत घेतली आणि सोसायटी केली. काकूंकडे बिस्किटाच्या डब्यात सासऱ्यांच्या नावच्या भाडेपावत्या आहेत, पहिलीवर भाडं दोन आकडी. आज सांगितलेला भाव कोटींत आहे, आणि तो भाव मैदानाचा, पत्त्याचा आणि पुढेमागे होऊ शकणाऱ्या टॉवरचा आहे. ह्या खिटीचा त्यात एक रुपया धरलेला नाही, आणि हेच मला झोंबतं.

घ्यायचं असेल तर भिंतीचा रंग बघू नका, गॅलरीच्या स्लॅबचं पोट बघा. समुद्र इथून चालत पाच-सात मिनिटांवर, खारं वारं आत शिरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, आणि रिडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का ते सेक्रेटरीला तोंडावर विचारा. ओव्हलच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, गॉथिक आणि डेको मिळून ९४, पार्कातली एकही त्यात नाही. इथली इमारत पाडायची का ठेवायची हे सभासदांच्या हात वर करण्यावर ठरतं. जिना चढवत नाही अशा म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी असते, मुलांना जास्तीची खोली, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणू शकत नाही, काकूंचेच गुडघे गेलेत म्हणून तर हे घर विकायला निघालंय.

गॅलरीत उभे आहोत. सहा वाजत आलेत, ऊन आडवं येऊन थेट आतल्या खोलीपर्यंत लादीवर पसरलंय. खालून कोणीतरी "आऊट, आऊट" ओरडतंय. काकू म्हणाल्या, "नवीन माणसं येतील त्यांना ही खिटी कशी लावायची ते कोण सांगणार?" मी म्हटलं, व्हिडिओत आहे काकू. तेवढ्यात बेल वाजली, ब्रोकर सहाची पार्टी घेऊन आला होता, आणि त्या पाणी आणायला आत गेल्या.