खंड्याचा निळा, खाडीचं खारं

[दृश्य : देवबागजवळ कर्लीची खाडी, सकाळ. कांदळाच्या फांदीवर छोटा खंड्या.]

भरती लागली आहे. चिमणीएवढा हा खंड्या पाण्यावरची नजर हलू देत नाही. मग सूर मारतो, आणि आपल्याला दिसते ती फक्त एक निळी रेघ.

त्या निळ्या पिसात निळं रंगद्रव्य औषधालाही सापडत नाही. गळून पडलेलं पीस खलात कुटलं, तर हाती लागते मातकट पूड. पिसात असतं केराटिन, आपल्या नखांत असतं तेच, आणि त्यात स्पंजासारखी हवेची भोकं. केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर. ही भोकं शे-दोनशे नॅनोमीटरची. एवढ्या मापाची जाळी निळा प्रकाश तेवढा जोरात परत फेकते.

ही जाळी कोणी विणत नाही. ती आपोआप कशी घडत असावी, हे येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये मांडलं. कोवळ्या पिसाच्या पेशीत केराटिन आणि पाणी आधी एकजीव असतात. केराटिन वाढत गेलं की दोघांचं पटेनासं होतं आणि फारकत सुरू होते. पण केराटिनचे धागे एकमेकांत गुंतून घट्ट होतात, आणि ती फारकत अर्ध्यातच अडते. पुढे पेशी मरते, पाणी सुकतं, त्याच्या जागी हवा येते.

[दृश्य : चुलीवर आमटी. पळी सतत फिरते आहे.]

आपल्याकडे वेगळं होणं म्हणजे नुकसान. नारळाचा रस घातल्यावर आमटीला जोराची उकळी आली, की आई म्हणायची, "फुटला बघ रस!" त्यामागचं कारण जरा निराळं असतं, पण शेवट तोच: तवंग वर, पाणी खाली. पिसातली फारकत अशी टोकाला गेली असती, तर खंड्या निळा दिसलाच नसता.

अशा फारकतीचं गणित जॉन कान आणि जॉन हिलियर्ड यांनी 1958 पासून उलगडत नेलं. त्यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. काही मिश्रणांत फारकत एका जागी सुरू होऊन पसरत नाही. सगळीकडे एकदमच सुरू होते. जाळी फार बारीक करावी, तर दोन पदार्थांमधल्या सीमा वाढतात आणि त्यांना ऊर्जा लागते. फार मोठी करावी, तर रेणूंना लांबचा पल्ला पडतो, वेळ जातो. म्हणून मधलंच एक माप सगळ्यांच्या पुढे निघून जातं, आणि जाळी सगळीकडे जवळपास सारखी उमटते.

काच बनवणाऱ्यांनी ही युक्ती त्याआधीच, 1930 च्या दशकात, हस्तगत केली होती. वाळूतली सिलिका, बोरॉन आणि सोडियम यांची काच पाचशे-सहाशे अंशांवर तापवत ठेवायची. आतल्या आत दोन जाळ्या तयार होतात. बोरॉनची जाळी आम्लात धुऊन काढली, की चार नॅनोमीटरच्या आसपास छिद्रं असलेली काच उरते.

[दृश्य : खाडीकाठची विहीर. रहाटाचा आवाज.]

वैशाखात इथल्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ होतं. खारं पाणी गाळणारा पहिला कामाचा पडदा सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सूरिराजन यांनी कॅलिफोर्नियात केला, 1960 च्या सुमाराला. ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं सेल्युलोज ॲसिटेट काचेवर पातळ पसरायचं आणि बर्फासारख्या गार पाण्यात बुडवायचं. पाणी आत शिरतं, ॲसिटोन बाहेर पडतं, फारकत होते. वर अतिशय पातळ, घट्ट साय धरते; खाली स्पंज राहतो. मीठ अडवते ती साय. स्पंज तिला नुसता आधार देतो. आजच्या घरगुती आरओ यंत्रात वरची साय निराळ्या रीतीने धरतात, पण खालचा आधार बहुधा असाच, पाण्यात बुडवून केलेला असतो.

डायलिसिसच्या नळकांड्यातही हेच तत्त्व आहे. एकेका नळकांड्यात हजारो पोकळ धागे, प्रत्येकाच्या आतली वाट जेमतेम पाव मिलिमीटर. त्यांच्या भिंतींतली छिद्रंसुद्धा अशाच अडवलेल्या फारकतीतून येतात. आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेची एसटी धरून तालुक्याला डायलिसिसला जाणारी माणसं आमच्या वाडीतही आहेत. चार-चार तास त्यांचं रक्त त्या धाग्यांतून फिरतं. रक्तातला टाकाऊ युरिया त्या छिद्रांतून पलीकडे जातो, रक्तपेशी अलीकडेच राहतात.

[दृश्य : एसटीची खिडकी. बाहेर खाडी, फांदीवर खंड्या.]