१२० किलो वांगी, दोन गाड्या पऱ्हाट्या

(पडदा काळा. आधी फक्त आवाज : कट्... कट्... कट्.)

हा आवाज वांग्याचा देठ कापण्याचा आहे.

उजाडायला अजून अर्धा तास आहे. पारा दहाच्या खाली गेलाय. सातपुड्याकडून येणारा वारा कानाला झोंबतोय, आणि आमच्या गावचे नऊ जण डोक्याला मफलर गुंडाळून वांग्याच्या वावरात वाकलेत. आज अख्ख्या गावाची भरीत पार्टी आहे. वांगं ओढून तोडायचं नाही. विळ्यानं कापायचं, आणि देठ चांगला बोटभर ठेवायचा. हा देठ दुपारी लागणार आहे. कशाला, ते पुढे दिसेल.

(दृश्य : वरून घेतलेलं. केळीच्या बागा, मधेच वांग्याचा तुकडा.)

भुसावळहून तापी ओलांडली की यावल तालुका. वरून पाहिलं तर केळीच केळी. तिच्या मधेमधे हे असे फिकट तुकडे. हिरवट, अंगावर पांढऱ्या रेघा असलेलं, अर्धा किलो सहज भरेल असं हे वांगं. बामणोदची वांगी म्हटलं की पुण्यात बसलेला जळगावकर फोनवर बोलता बोलता गप्प होतो. आसोद्याचे लोक म्हणतात, आमचं वांगं सरस. या वादात आम्ही पडत नाही, आमची सोयरीक दोन्हीकडे आहे. २०१६ साली 'जळगाव भरीत वांगी' या नावानं त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वांग्यात त्यानं काही फरक पडला नाही, ते आधीपासूनच असं होतं.

(दृश्य : क्रेटमधली वांगी. एक हात एकेक वांगं उचलून तोलतोय.)

हे आप्पा. वांगं निवडताना ते डोळ्यांनी कमी आणि तळहातानं जास्त बघतात. आकारानं मोठं, पण हाताला हलकं लागलं तर घ्यायचं. जड लागलं तर आत बिया झाल्या. देठाखाली बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे, ते बाजूला. १२० किलो वांगी त्यांनी अशी एकेक करून हाताखालून घातली. घाई करणाऱ्या पोरांना ते एवढंच म्हणाले, "भो, तुला जायचं असंल तर जाय."

(दृश्य : मंदिराचा ओटा, रात्र. शाळेची वही, त्यात पेन्सिलीनं लिहिलेला हिशोब.)

आता दहा दिवस मागे.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, की चातुर्मासात बंद असलेलं वांगं मोकळं होतं आणि खानदेशात भरीत पार्ट्या सुरू होतात. कुणाच्या वावरात दहा माणसांची, कुणाच्या पन्नासची. अख्ख्या गावाची मात्र आमच्याकडे सहा वर्षं झालीच नव्हती. यंदा नाताळच्या सुट्टीतला रविवार धरला, कारण सुरतवाले आणि पुणेवाले तेव्हाच येतात.

बैठकीत पहिली सूचना आली ती केटररची. माणशी इतके द्या, मांडव, खुर्च्या, भरीत, पुरी, सगळं आणून देतो. सोयीचं होतं. निम्मे हात वर गेलेही. तेवढ्यात वहीवाले नाना म्हणाले, "भरीत आणून खायचं तर जळगावात किलोवर मिळतं. त्याला गाव कशाला जमवायचं?"

विषय तिथेच संपला. आमच्या मते तिथेच संपायला हवा होता.

नानांची वही जवळून बघा. माणसं ३५०. वांगी माणशी पावशेराच्या वर धरून १२० किलो, कारण भाजून सोलल्यावर वजन बरंच उतरतं आणि आमच्याकडे भरीत चवीपुरतं खात नाहीत. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी ४० किलो, अख्खे उडीद १० किलो. हिरवी मिरची ७ किलो. लसूण ४. कांद्याची पात, कोथिंबीर घरोघरची. शेंगदाणे ५, सुकं खोबरं ३, तेल एक डबा. खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय : पऱ्हाट्या २ गाड्या, कोरड्या. 'कोरड्या' या शब्दाखाली तिसरी रेघ आहे.

हळद वहीत नाही. लाल तिखट नाही. टोमॅटो तर नाहीच. टोमॅटो घातलेल्या भरताला आमच्याकडे भाजी म्हणतात.

डिसेंबरात वावरात गर्दी जमवून जेवू घालायची या भागाला भीती वाटत नाही. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच तालुक्यात, फैजपूरला झालं, तेही डिसेंबरातच, १९३६ साली. आमचे ३५० म्हणजे काय!

(दृश्य : बैलगाडी. पऱ्हाट्यांचा डोंगर डुलत येतोय.)

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं कपाशीचं वाळकं झाड. कापूस डिसेंबरअखेर मोकळा करा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, नाहीतर गुलाबी बोंडअळी त्यातच मुक्काम ठोकते, असं कृषी खातं दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतं. म्हणजे जाळायला पऱ्हाटी आणि भाजायला वांगं एकाच महिन्यात तयार. हे कुणी ठरवलेलं नाही, पण ठरवल्यासारखं आहे. एक काळजी मात्र घेतली. शेवटच्या फवारणीला बरेच दिवस उलटलेल्या वावरातल्याच पऱ्हाट्या आणल्या. औषधाच्या धुरावर भाजलेलं वांगं लेकराबाळांना कसं घालणार?

(दृश्य : मोकळं वावर. पऱ्हाट्यांचा थर. त्यावर वांग्यांची ओळ. नैसर्गिक आवाज राहू द्या.)

खाली पऱ्हाट्यांचा आडवा-उभा थर, गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढा. त्यावर वांगी, देठ सगळे एकाच बाजूला. दोन वांग्यांत चार बोटं अंतर. प्रत्येकाला काडीनं दोन-तीन टोचे मारलेले. वरून पुन्हा पऱ्हाट्या, पण विरळ. मग वारा कुठून येतो ते बघायचं. आप्पांनी चिमूटभर माती उडवून पाहिली आणि वाऱ्याच्या बाजूनं काडी लावली.

पहिली भट्टी फसली. खालच्या पऱ्हाट्या दवानं ओल्या होत्या. जाळ कमी, धूर जास्त. पंधराएक किलो वांगी वाया गेली.

ही दुसरी.

(दृश्य : जाळ. इथे निवेदन थांबेल. वीस सेकंद.)

हे दृश्य संकलनात तीनदा छोटं केलं आणि तीनदा परत लांबवलं. कापवत नाही.

बाभळीचं लाकूड निखारा धरून बसतं. पऱ्हाटीला तेवढा धीर नाही. ती एकदम भडकते, माणसाच्या उंचीएवढी, सात-आठ मिनिटं जिवाच्या आकांतानं जळते आणि बसते. तेवढ्यात वांग्याची पातळ साल काळी ठिक्कर होते, आतला गर आपल्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो, आणि धुराचा वास सालीतून आत उतरतो. घरच्या गॅसवर वांगं खालून जळतं, बाजूनं नुसतं तापतं. इथे त्याला सगळीकडून ज्वाळ लागते. तंदूर, कोळसा, इलेक्ट्रिक ग्रिल, सगळं करून पाहिलेली आमच्यातली पोरं आहेत. त्यांनाच विचारा.

आणि हा आवाज ऐकला? फट्! एका वांग्याला टोचे मारायचे राहिले होते.

(दृश्य : लांब बांबू. आप्पा राखेतून वांगं सरकवतात, देठाजवळ काडी खुपसतात.)

वांगं झालं की नाही हे पोटाला टोचून कळत नाही. पोट आधीच मऊ पडतं. देठाच्या मानेत काडी घालायची. विनाअडथळा गेली, तर झालं. अडली, तर राखेत आणखी दोन मिनिटं. आप्पांच्या काडीनं त्या दिवशी दोनशेच्या आसपास वांगी तपासली. एका पोराचा हात भाजला, त्याला दवाखान्यात नेऊन आणलं.

(दृश्य : गोल करून बसलेली माणसं. काळी वांगी. वाफ.)

आता देठाचं काम. वांगं गरम असतानाच सोललं पाहिजे, गार झालं की साल चिकटते. आणि हातात धरवत तर नाही. मग देठ धरायचा, वांगं उलटं लोंबतं ठेवायचं, दुसऱ्या हाताची बोटं पाण्यात बुडवून साल वरून खाली ओढायची. पायमोजा निघावा तशी निघते. आतला गर बघा : हिरवट पांढरा, त्यावर धुराचे करडे डाग. हे डाग राहू द्यायचे. सोललेलं वांगं नळाखाली धरलं, की एवढा सगळा जाळ फुकट. पुण्याहून आलेल्या एका जावयानं ते केलं. जावई असल्यामुळे कुणी काही बोललं नाही.

(दृश्य : बडगी. अगदी जवळून. लाकडाचे रेषे, कडेला लोखंडी पट्टी.)

ही बडगी. लाकूड कोरून केलेलं खोलगट भांडं. आतून तेल पिऊन पिऊन काळं, गुळगुळीत झालेलं. या बाजूला तडा गेलाय, त्याला लोहारानं पट्टी मारून दिली. सहा वर्षं ही माळ्यावर उलटी पडली होती. आत कोंबडीनं एकदा अंडी घातली होती म्हणतात.

आधी मिरच्या, लसूण आणि मीठ. मिरच्या तेलावर जरा परतून घेतलेल्या. त्यांचा ठेचा झाला की पाच-सहा किलो गर एका वेळी आत टाकायचा आणि लाकडी मुसळानं ठेचायचं. समोरासमोर दोघं. एकाचं मुसळ वर, दुसऱ्याचं खाली. थप्प... थप्प... थप्प. ताल चुकला तर बोटं गेली. मिक्सरमधून काढलं तर भरताचा लगदा होतो. बडगीत त्याची तार राहते. हे बघा, चमच्यानं उचललं की कसं ओढलं जातंय.

मुसळ धरायला रांग लागली होती. सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यात बसून काम करणारा, बँकेत नोकरी करणारा, कॉलेजातली दोघं. दहा ठोक्यांत दंड भरून येतात. आप्पा वाकून बडगीच्या कडेला लागलेला गर बोटानं आत सारतात, मुसळ वर गेलेलं असताना. बघताना आपलाच श्वास अडकतो.

(दृश्य : कढई. तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप.)

फोडणी साधी. तेलात जिरं, शेंगदाणे, खोबऱ्याचे पातळ काप, मूठभर लसूण. मग कांद्याची पात, ती हिरवीच राहिली पाहिजे. वर भरीत. दोन वाफा, कोथिंबीर, बस. २०१८ साली शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात अवाढव्य कढईत भरताचा विक्रम केला, तेव्हा बघायला आम्हीही होतो. आमची कढई लग्नातली, मंदिराच्या भांड्यांतली. तिला उलथणं पुरतं.

(दृश्य : ओळीनं चुली. भाकरीवर पाणी फिरवणारा हात.)

कळण्याची भाकरी : ज्वारी आणि अख्खे उडीद, मीठ घालून एकत्र दळलेले. आठ चुली, सोळा बाया, साडेपाचशे भाकरी. पहाटे चारपासून. कॅमेरा जवळ नेला तर आक्का म्हणाल्या, "आमची काय शूटिंग घेतं रे, तिकडं जाय जाळाकडे." आम्ही गेलो.

(दृश्य : पंगत. केळीची पानं. वरून, मग जमिनीलगत.)

केळीच्या मुलखात पत्रावळी विकत आणायची नसते. पानावर भरीत, शेजारी भाकरी, मुळा, फोडलेला कांदा, वाटीत मठ्ठा. भरतात बोटानं आळं करून कच्चं तेल घेणारेही आहेत, त्यांना तसं वाढलं. वाढणारे पळतायत. कुणी पान संपायच्या आत दुसऱ्यांदा वाढून गेलं, तर नको म्हणायची पद्धत आहे आणि ते न ऐकायचीही.

३५० धरले होते, सव्वाचारशे आले. शेवटच्या पंगतीला भाकरी अर्धी-अर्धी झाली. ती पंगत चुलीवरच्या बायांचीच होती.

(दृश्य : पंगतीतले चेहरे. निवेदन नाही. तीस सेकंद.)

(दृश्य : दुपार उतरलेली. पुन्हा वांग्याचं वावर. एका झाडाला लाल चिंधी.)

सगळी वांगी तोडली, हे मात्र ठेवलं. पिवळं पडून जून झालेलं वांगं, देठाला चिंधी बांधलेली. चिंधी म्हणजे याला हात लावायचा नाही, हे बियाण्याचं. संकरित रोप विकत आणलं तर दिसायला छान येतं, भाराभर येतं, पण पऱ्हाटीवर घातलं की पाणी सोडतं, असा आप्पांचा अनुभव. म्हणून वावरातल्या चांगल्यातल्या चांगल्या झाडांवरची चार-पाच वांगी अशी राखायची. गावात असं बी राखणारी आता तीनच घरं. भाव पडला त्या हंगामात तोडणीची मजुरीही सुटली नव्हती.

(दृश्य : दुसरा दिवस, सकाळ. वावरात राखेचा काळा पट्टा. बडगी धुऊन बांधावर उलटी.)

मांडव उतरलाय. सुरतवाले पहाटेच गेले.

आप्पांची आई पत्र्याचा डबा घेऊन आल्यात. कालच्या जाळाची राख वरवरची बाजूला करून मधली, पांढरी, बारीक तेवढी भरून घेतायत. बी धुऊन वाळलं की या राखेत घोळून ठेवायचं, म्हणजे कीड लागत नाही. डबा काठोकाठ भरला. झाकण बसत नाही. त्या वरून दोनदा थापटतात.