शर्मिष्ठेतला चंचल तारा

उत्तरेकडच्या आकाशात शर्मिष्ठा ओळखायला सोपी. पाच तारे, मोडत गेलेली एक रेघ. त्यातला मधला, निळसर पांढरा तारा म्हणजे गॅमा कॅसिओपिया. अंतर सुमारे 550 प्रकाशवर्षं.

1937 साली हा तारा 1.6 प्रतीपर्यंत उजळला (प्रत म्हणजे तेज मोजायची पट्टी; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). शर्मिष्ठेतले बाकी सगळे त्याच्यापुढे फिके पडले. आणि 1940 पर्यंत तो घसरून तिसऱ्या प्रतीवर आला होता. तीन वर्षांत तेज साडेतीन पटींनी कमी, तेही साध्या डोळ्यांना जाणवेल असं!

हे सगळं त्याच्या गरगरण्यामुळे. सूर्याच्या विषुववृत्तावरचा वायू सेकंदाला दोन किलोमीटर सरकतो. इथे हाच वेग चारशेच्या घरात आहे. असा तारा गोल राहूच शकत नाही. ध्रुवांशी चपटा, मध्ये फुगलेला. फुगवट्यावर गुरुत्वाकर्षणाची पकड इतकी सैल होते, की थोडासा जादा जोर मिळाला तरी वायू सुटतो आणि ताऱ्याभोवती फिरू लागतो. त्याची तबकडी बनते. ताऱ्याच्या अतिनील प्रकाशाने तबकडीतला हायड्रोजन उजळतो. तबकडी भरत गेली की ताऱ्याचं तेज वाढतं, विरली की उतरतं.

याची पहिली खूण सापडली 1866 मध्ये. रोमचे धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की ताऱ्याचा वर्णपट, म्हणजे त्याच्या प्रकाशातले रंग सुटे करून मिळणारा पट्टा, पाहत होते. हायड्रोजनची रेषा काळी दिसायला हवी होती. ती चमकत होती. वेगवान फिरणं आणि तबकडी यांची सांगड खगोलशास्त्रज्ञ ओटो स्ट्रूव्ह यांनी घातली, ती थेट 1931 मध्ये.

अपोलोच्या अंतराळवीरांना दिशा ठरवायलाही हा तारा उपयोगी पडला. त्यांच्यातल्या गस ग्रिसम यांनी आपलं मधलं नाव ‘आयव्हन’ (Ivan) इंग्रजीत उलटं लिहून थट्टेत त्याला ‘नावी’ म्हटलं. 1967 मध्ये अपोलो 1 च्या आगीत ते गेले. नाव मात्र टिकलं.

आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे या ताऱ्याकडून येणारे क्ष-किरण. ते सांगतात, की इथे कुठेतरी दहा कोटी अंशांहून तप्त वायू आहे. ताऱ्याचा पृष्ठभाग त्यामानाने थंडच, जेमतेम पंचवीस हजार अंशांच्या आसपास! मग एवढी उष्णता येते कुठून? काहींनी बोट दाखवलं तारा आणि तबकडी यांच्यातल्या चुंबकीय ओढाताणीकडे, तर काहींनी सुमारे 203 दिवसांत प्रदक्षिणा घालणाऱ्या त्याच्या छोट्या जोडीदाराकडे. तो श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा असेल, तर तबकडीतला वायू त्याच्यावर कोसळून एवढा तापू शकतो.