पेन्सहिल: मुद्दाम पडकं बांधलेलं

समोरचं गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीतलं, मंदिर पाहा. दगडी खांब, दगडी कमानी. जवळ जाऊन टिचकी मारा, आवाज लाकडाचा येईल. इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली पेन्सहिल ही बाग अशीच आहे. इथं डोळे फसतात, आणि फसू दिले तरच मजा.

१७३८ पासून पस्तीस वर्षं चार्ल्स हॅमिल्टन ही फसवाफसवी रचत होता. सरदार घराण्यातला धाकटा मुलगा, इटली पाहून आलेला, पैसा बेताचा. त्याला निसर्गचित्रासारखी बाग हवी होती, पण आत शिरून हिंडता येईल अशी. म्हणून इथली वाट सरळ जातच नाही. वळण घेतलं की तळं, मग पूल; झाडीत शिरलं की सगळं गायब, आणि मोकळ्यावर आलं की उंचावर थेट तुर्की तंबू! तळंही घडवलेलंच. मोल नदी त्याच्याहून खाली वाहते, म्हणून चाक लावून पाणी वर चढवलं. एका झोपडीत पगारी संन्यासी नेमला होता म्हणे. सात वर्षं एकांतात राहायचं, सातशे पौंड घ्यायचे. तो तीन आठवड्यांतच गुत्त्यात सापडला असं सांगतात. खरंखोटं हॅमिल्टन जाणे.

कर्ज डोईजड झालं, १७७३ मध्ये बाग विकावी लागली. १९४८ नंतर तिचे तुकडे पडले, रान माजलं, बागेतल्या घडवलेल्या गुहेचं छत कोसळलं. १९८० मध्ये एल्मब्रिजच्या स्थानिक परिषदेनं १५८ एकर विकत घेतले. पुढच्या वर्षी बाग पुन्हा उभी करायला न्यास स्थापन झाला. जुनी चित्रं, प्रवाशांची वर्णनं आणि जमिनीतले पाये यांवरून काम सुरू झालं.

आता गुहेत या, सावकाश. छतातून लोंबणारे हे सुळके म्हणजे आतून लाकडी शंकू. त्यांवर चुन्याचा गिलावा, त्यात जिप्सम, कॅल्साइट, फ्लोराइट आणि क्वार्ट्झ यांचे स्फटिक हातानं एकेक करून बसवलेले. मुख्य दालन २०१३ मध्ये पुन्हा उभं राहिलं. तळ्यावरचा उजेड आत आला की छत हलल्यासारखं वाटतं.

आणि हा पडका मठ. १७७२ च्या सुमाराला बांधतानाच पडका बांधलेला. आत विटा, वर दगडासारखा गिलावा. गिलावा गळून विटा उघड्या पडल्या की असा मठ जुना नाही, उलट नकली दिसतो. त्यामुळे तो दुरुस्त करायचा म्हणजे धड करायचा नाही. हॅमिल्टनला हवा होता तेवढाच पडका ठेवायचा.