चित्र रोमांचं, सही कुणाची?

(दृश्य: पॅरिसचं लूव्र संग्रहालय. कॅराव्हाजोचं चित्र. कॅमेरा चेहऱ्यांवरून सावकाश हातांवर.)

टोपीत पीस खोचलेला, खात्यापित्या घरचा एक तरुण. समोर रोमा मुलगी, म्हणजे लोक ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत आले त्या समाजातली. त्याचा हात धरून भविष्य सांगतेय. तो तिच्या डोळ्यांत हरवलाय. आता तिची बोटं बघा. हात वाचता वाचता ती त्याची अंगठी अलगद काढून घेतेय.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटालियन चित्रकार कॅराव्हाजोनं हे रंगवलं. चित्र म्हणून अफलातून, वादच नाही. पण पुढची तीन-चारशे वर्षं युरोपचे चित्रकार हीच मुलगी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. कधी हात बघणारी, कधी नाचणारी, कधी कुणाचं पोर पळवणारी. युरोपच्या संग्रहालयांत रोमा माणसं भरपूर दिसतात, पण चौकटीच्या आत. खालच्या कोपऱ्यातली सही दुसऱ्याची.

(दृश्य: निळा-हिरवा रोमा ध्वज, मधोमध लाल चाक.)

युरोपात एक कोटीहून अधिक रोमा राहतात. तिथला हा सगळ्यात मोठा अल्पसंख्य समाज, आणि त्याला स्वतःचा असा देश नाही. पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली. 1971 साली लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली, तिथे हा ध्वज मान्य झाला. 2016 साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद झाली, तेव्हा ‘भारताची लेकरं’ म्हणून त्यांचं माहेरच्यासारखं कौतुक झालं. कौतुक खरंच असेल. पण आपली उत्सुकता बहुतेकदा तिथेच संपते. आजच्या एका तरी रोमा चित्रकाराचं नाव सांगा म्हटलं, तर आपण गप्प.

म्हणून आज नावंच घेऊ या.

(दृश्य: चाइया स्टॉयका यांची चित्रं. काटेरी तारा, बर्फ, कावळे. मग सूर्यफुलांचं शेत.)

चाइया स्टॉयका. जन्म 1933, ऑस्ट्रिया, घोड्यांचा व्यापार करणाऱ्या घरात. वडिलांना नाझींनी मारलं. धाकटा भाऊ आउश्वित्झमध्ये तापानं गेला. आउश्वित्झ, राव्हेन्सब्रुक आणि बर्गन-बेल्सन अशा तीन छावण्या पाहून ही मुलगी जिवंत बाहेर आली, तेव्हा वयाची बारा वर्षंही पूर्ण नव्हती. पुढे व्हिएन्नात संसार केला, फिरून गालिचे विकले. या सगळ्यावर तोंड उघडलं ते पन्नाशी उलटल्यावर. 1988 साली आठवणींचं पुस्तक आलं आणि त्याच सुमारास हातात रंग आले. चित्रकलेचं शिक्षण नाही. ब्रश असला तर ब्रश, नाहीतर बोटं.

त्यांच्या कितीतरी चित्रांवर सहीजवळ एक छोटी फांदी दिसते. बेल्सनमध्ये खायला काहीच नव्हतं, तेव्हा एका झाडाचा पाला आणि चीक खाऊन त्या तगल्या होत्या. ती ही फांदी.

2013 साली त्या गेल्या. पॅरिस आणि माद्रिदमध्ये मोठी प्रदर्शनं झाली ती त्यानंतर. अशी पावती नेहमी उशिरा का फाडली जाते, हे संग्रहालयवाल्यांनाच विचारायला हवं.

(दृश्य: दक्षिण पोलंड. डोंगरातलं गाव, दोरीवर वाळत घातलेले कपडे.)

हे चार्ना गुरा. माउगोझाता मिर्गा-तास इथे राहतात, इथेच काम करतात. क्राकोच्या कला अकादमीत शिल्पकला शिकल्या, पण आज जग त्यांना ओळखतं ते सुईदोऱ्यामुळे. जुने पडदे, चादरी, शाली, नात्यातल्या आणि गावातल्या बायकांनी वापरलेले स्कर्ट कापून, जोडून त्या भिंतभर चित्रं शिवतात. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी होते, तशीच इथे ज्या बाईचं चित्र, तिचाच कपडा अनेकदा त्या चित्रात जातो. जवळून पाहिलंत तर टाके दिसतात, लेस दिसते, एखादा मणीही दिसतो.

2022 साली व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात पोलंडचं दालन त्यांच्या हाती दिलं गेलं. हे प्रदर्शन भरतंय 1895 पासून. एवढ्या काळात एखाद्या देशानं आपलं दालन रोमा कलाकाराला देण्याची ही पहिलीच वेळ.

(दृश्य: दालनाचा आतला भाग. चारी भिंतींवर कापडी चित्रं.)

बारा महिन्यांची बारा चित्रं, प्रत्येकात तीन पट्टे. ही मांडणी त्यांनी इटलीच्या फेरारा शहरातल्या स्किफानोया महालातल्या पंधराव्या शतकातल्या भित्तिचित्रांवरून घेतली. खालच्या पट्ट्यात गावातलं रोजचं जगणं. मधल्या पट्ट्यात राशी, आणि त्यांच्यासोबत रोमा इतिहासातल्या बायका. खरी गंमत वरच्या पट्ट्यात. सतराव्या शतकात जाक कालो या फ्रेंच कलाकारानं भटक्या रोमांची काही छापचित्रं केली होती. लक्तरं घातलेली, चोरट्यासारखी दिसणारी माणसं. मिर्गा-तास यांनी तीच माणसं उचलली. तेच घोडे, त्याच गाड्या, तीच पोरंबाळं. फक्त अंगावर चांगले रंगीत कपडे चढवले, आणि मिरवणूक निघाल्यासारखी ती माणसं दालनभर चालू लागली. भांडण नाही, भाषण नाही. दुसऱ्यानं काढलेलं चित्र उसवून पुन्हा शिवलं, एवढंच.

हे कौतुक ऐकताना एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. त्याच पोलंडमध्ये, बोझेंचिन इथे, युद्धात मारल्या गेलेल्या रोमांसाठी मिर्गा-तास यांनी लाकडी स्मारक केलं होतं. 2011 साली उभं राहिलं, 2016 साली कुणीतरी ते फोडलं.

(दृश्य: मोटारीच्या पत्र्यावर कुऱ्हाडीचे घाव. आवाज तसाच ठेवावा, संगीत नको.)

सेल्मा सेल्मान बोस्नियाच्या बिहाच शहराजवळच्या रोमा वस्तीतल्या. घरचा धंदा भंगाराचा. भंगार वेचून, फोडून, विकूनच घर चाललं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. आई-वडील आणि भावांना सोबत घेऊन त्या प्रेक्षकांसमोर अख्खी मर्सिडीज फोडून सुटी करतात. गाड्यांच्या बॉनेटवर चित्रं रंगवतात. जुन्या संगणकांच्या मदरबोर्डमधून सोनं काढून त्याचा एक खिळा घडवला. ज्या कामासाठी वस्तीला नाक मुरडलं जायचं, त्याच कामाला आता कलादालनात तिकीट लागतं. वस्तीतल्या रोमा मुलींनी शाळा सोडू नये म्हणून त्यांनी एक उपक्रमही चालवलाय. त्याच्या नावाचा मराठीत साधारण अर्थ: ‘चल, आधी शाळेत हो!’

(दृश्य: व्हेनिसचा कालवा, मग बर्लिन.)

हे सगळं आपोआप घडलेलं नाही. 2007 साली त्याच व्हेनिस बिएनालेत पहिलं रोमा दालन उभं राहिलं, कुठल्या एका देशाचं नसलेलं. आठ देशांतले सोळा कलाकार, संयोजक टिमिया युंगहाउस, त्याही हंगेरीतल्या रोमा. 2017 साली बर्लिनमध्ये रोमा कला आणि संस्कृतीसाठी युरोपीय संस्था सुरू झाली, तिची धुराही युंगहाउस यांच्याकडेच आली. पहिल्या दालनातल्या एक कलाकार, डिलेन ले बास, 2024 साली ब्रिटनच्या टर्नर या कला पुरस्काराच्या अंतिम चौघांत होत्या. मधे सतरा वर्षं गेली.

व्हायोलिन, घेरदार स्कर्ट आणि शेकोटी असला की ‘रोमा महोत्सव’ साजरा होतो. त्याला माणसं येतात, पैसेही मिळतात. अवघड असतं ते चित्र विकत घेणं, ते कायम भिंतीवर ठेवणं, आणि ते कुठे टांगायचं हे रोमा संयोजकाला ठरवू देणं.

(दृश्य: चेक प्रजासत्ताक, लेटी. मोकळं मैदान.)

युद्धकाळात लेटीत रोमांची छावणी होती. तीनशेहून अधिक माणसं तिथे मेली, त्यांत कितीतरी लहान मुलं. पुढे त्याच जागी डुकरांचा कारखाना उभा राहिला आणि चार दशकांहून जास्त काळ चालला. वाचलेली माणसं, त्यांची मुलं-नातवंडं तो हटवा म्हणून मागे लागली होती. अखेर सरकारनं तो विकत घेऊन पाडला, आणि 2024 साली तिथे स्मारक खुलं झालं. ते सांभाळतं बर्नो शहरातलं रोमा संस्कृतीचं संग्रहालय. 1991 साली सुरू झालेल्या या संग्रहालयाचा खर्च आता सरकारी तिजोरीतून होतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा.)

व्हेनिस-बर्लिन सगळ्यांना जमणारं नाही. पण रोमआर्काइव्ह हे रोमा कलांचं डिजिटल संग्रहालय 2019 पासून इंटरनेटवर खुलं आहे. चित्रं, संगीत, नाटक, स्पेनचं फ्लामेंको नृत्य-संगीत, सगळं इंग्रजी, जर्मन आणि रोमानी भाषांत, फुकट. कुठून सुरुवात करायची कळत नसेल, तर शोधताना चाइया स्टॉयका हे नाव टाका.