सहा सुया, सहा झटके आणि एक वगळलेला डोस

नमस्कार श्रोतेहो. कॅन्सरच्या गाठीत विजेचे झटके देऊन जनुक सोडतात, त्याविषयी आज बोलायचं आहे. पण झटक्यांकडे वळण्याआधी 1995 सालची एक हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

इंटरल्यूकिन-12 नावाचं एक प्रथिन आपलं शरीर स्वतःच बनवतं. ते रोगप्रतिकारक पेशींना चेव आणतं, आणि चेवलेल्या पेशी गाठीवर तुटून पडतात. उंदरांमध्ये निकाल झकास आले. मग अमेरिकेत माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या टप्प्यात आधी एकच डोस द्यायचे, मग दोन आठवडे थांबायचे आणि त्यानंतर लागोपाठ पाच दिवस शिरेतून औषध. वजनाच्या किलोमागे रोज 500 नॅनोग्रॅमपर्यंत माणसं सोसतात, असं दिसलं. 60 किलोच्या माणसाला ते दिवसाचे 30 मायक्रोग्रॅम झाले.

दुसरा टप्पा मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झाला. डोस तोच, 500 नॅनोग्रॅम. 17 जणांना औषध दिलं. 12 जणांना इस्पितळात भरती करावं लागलं, दोघं दगावले. चाचणी तिथेच थांबली.

आता शोध सुरू. औषध बिघडलं होतं का? नाही, जुनं आणि नवं औषध सारखंच निघालं. रुग्ण जास्त आजारी होते का? तेही नाही. मग चूक कुठे झाली? दुसऱ्या टप्प्यात तो सुरुवातीचा एकटा डोस गाळला होता. दोन आठवडे आधी दिलेला तो डोस शरीराला पुढच्या माऱ्यासाठी तयार करत होता, आणि हे तोवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नंतर उंदरांवर आणि माकडांवर ताडून पाहिलं. आधी एक डोस दिलेले प्राणी तगले, थेट रोजचा मारा सुरू केलेल्यांचे हाल झाले. पुन्हा सांगतो : औषध तेच, मात्रा तीच, वेळापत्रक बदललं आणि माणसं गेली.

(औषधाच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद आपण न उघडताच फेकतो. माझं तर मत आहे की तो मराठीत हवा आणि आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या टायपात हवा. असो.)

म्हणजे औषधात दम होता. अडचण अशी की ते रक्तातून अंगभर फिरत होतं. चोर एका वाड्यात शिरलाय आणि आपण तालुकाभर भोंगा वाजवतोय, तसला प्रकार. इंटरल्यूकिन गाठीतच तयार झालं तर? तिथे वीज कामाला येते.

फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरमध्ये पसरलेल्या मेलॅनोमाच्या 24 रुग्णांवर हे करून पाहिलं. मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर. निष्कर्ष 2008 साली छापून आले. पद्धत अशी : इंटरल्यूकिन-12 चं जनुक असलेलं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं कडं, सुईनं गाठीत टोचायचं. लगेच गाठीभोवती सहा सुयांचा इलेक्ट्रोड खुपसायचा आणि सहा झटके द्यायचे. प्रत्येक झटका 100 मायक्रोसेकंदांचा, ताकद सेंटिमीटरला 1300 व्होल्ट. हेच पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी.

क्रम लक्षात ठेवा : आधी डीएनए, मग वीज. झटक्यानं पेशीच्या पडद्याला क्षणभर छिद्रं पडतात. छोटा रेणू त्यातून झटक्यानंतरही आत जाऊ शकतो. डीएनए मात्र अवाढव्य. त्यावर ऋण भार असतो, त्यामुळे झटका चालू असतानाच तो पडद्यावर ढकलला जातो आणि तिथे चिकटतो. पेशी त्याला सावकाश आत ओढून घेते. झटक्यानंतर टोचलेला डीएनए फुकट जातो. म्हणून पुन्हा एकदा, आधी डीएनए, मग वीज.

बिघडतं कुठे? बहुतेकदा सुयांमध्ये. सुया 8 मिलिमीटर अंतरावर असतील तर सेंटिमीटरला 1300 च्या हिशेबानं 1040 व्होल्ट लावायचे. खुपसताना टोकं कलून 6 मिलिमीटरवर आली, तर त्याच व्होल्टला तिथली ताकद 1700 च्या पुढे जाते आणि पेशी मरतात. मेलेल्या पेशीत जनुक घालून काय उपयोग? टोकं फाकली तर छिद्रंच पडत नाहीत. प्रयोगशाळेतल्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे पेशी आणि डीएनए एकत्र ठेवून झटका द्यायच्या छोट्या डबीत, वेगळीच खोड. डीएनएबरोबर मीठ राहिलं की करंट उसळतो, ठिणगी उडते, फट् असा आवाज येतो आणि तो नमुना गेला समजायचं.

टँपातल्या रुग्णांचा मुख्य त्रास म्हणजे झटक्याच्या वेळची वेदना, आणि ती थोडा वेळच टिकली. प्लाझ्मिडची मात्रा वाढवली तसं गाठीतलं इंटरल्यूकिन वाढलं, अंगभर त्रास मात्र नगण्य. आणि गंमत ऐका. दूरच्या गाठींना वीज लावलीच नव्हती. अशा गाठी असलेल्या आणि दुसरं औषध न घेतलेल्या 19 जणांपैकी दोघांच्या सगळ्याच गाठी नाहीशा झाल्या, आणखी आठ जणांच्या आटल्या किंवा वाढायच्या थांबल्या. पण रुग्ण मोजके होते आणि ही पहिल्या टप्प्याची चाचणी होती, हे विसरू नका.

घरच्या विजेनं किंवा बाजारात मिळणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्यानं यातलं काहीही होत नाही. घरच्या 230 व्होल्टची वीज सेकंदाला 50 आवर्तनांनी चालूच राहते, ती थेट हृदयाच्या ठोक्यात घुसते. इथे सहा झटक्यांची मिळून वीज 600 मायक्रोसेकंद. तरीही छातीजवळ झटके द्यायचे असतील तर यंत्र ईसीजीशी जोडून हृदयाचा ठोका सांभाळूनच देतात, आणि पेसमेकर असेल तर ते आधी सांगावंच लागतं.